ऑनसाइट म्हणजे अनुभव नव्हे

परवा एका पोराची मुलाखत घेतली. रेझ्युमेत ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘जर्मनीत तीन वर्षं, आंतरसांस्कृतिक अनुभव’. विचारलं, शेजारी कोण राहायचं? म्हणाला, कधी बोलणं झालं नाही. आधी हसू आलं, मग लाज वाटली. माझं तरी काय वेगळं होतं?

मीही तिथे आठ महिने असाच काढले. ऑफिसात सगळे माझ्यासाठी इंग्रजी बोलायचे, घरी चार देशी रूममेट आणि कुकरच्या शिट्ट्या. पुढे कंटाळून शनिवारी ‘टाफल’मध्ये जायला लागलो. दुकानांत उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजूंना द्यायचं, हे यांचं काम. १९९३ साली बर्लिनमध्ये सुरुवात झाली, आज जर्मनीभर अशा ९००हून अधिक संस्था आहेत. मी भाजी निवडायचो.

एकदा तिथल्या आजोबांनी विचारलं, पुढच्या शनिवारी आठला येशील? मी आपलं सवयीनं ‘हो हो’ म्हटलं आणि गेलो नाही. त्यानंतर गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “नाही म्हणाला असतास तर मी दुसरा माणूस शोधला असता.”

च्यायला! आपलं ‘हो’ म्हणजे ‘ऐकलं’, त्यांचं ‘हो’ म्हणजे ‘झालं समजा’. किती स्टेटस कॉल मी याच ‘हो’वर मारून नेले होते! पण ऑफिसात हे कोण सांगणार? तिथे मी व्हेंडरचा माणूस. भाजी निवडताना मी त्यांच्यातला एक होतो, म्हणून बोलणी खाल्ली. माझ्या करिअरला वळण लावलं ते या बोलण्यांनी, व्हिसाच्या शिक्क्यानं नाही.

आता कुणी म्हणेल, मग पैसे भरून दोन आठवडे परदेशी सेवा करून येऊ. फोटोही होतील. नको! इव्हान इलिच यांनी १९६८ सालीच मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं: बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. भाषा न येणारा मदतनीस म्हणजे यजमानाच्या डोक्याला ताप.

याउलट १९६१ साली सुरू झालेली अमेरिकेची ‘पीस कोअर’ बघा. २७ महिन्यांची बोली, त्यातले सुरुवातीचे सुमारे तीन महिने प्रशिक्षण आणि भाषा, आणि राहायचं स्थानिकांसारखं. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन वयाच्या ६८व्या वर्षी, १९६६ साली त्यातून भारतात आल्या आणि आपल्या विक्रोळीत नर्स म्हणून राबल्या. मुलगा राष्ट्राध्यक्ष व्हायला तेव्हा दहा वर्षं अवकाश होता.

मान्य आहे, होमलोन असलेल्याला २७ महिने परवडत नाहीत. पण ऑनसाइट असताना शनिवारचे तीन तास? तेवढेही द्यायचे नसतील तर रेझ्युमेतली ती ओळ खोडा आणि सरळ लिहा, ‘तीन वर्षं परदेशात भाडं भरलं’.

बघा पटतंय का.