झगमगत्या क्रोममागचा इतिहास

अमेरिकेत १९५५ ते १९५७ या वर्षांतील शेव्हरोले बेल एअर ही चार दारांची कौटुंबिक मोटार आजही जिवापाड जपणारे लोक आहेत. सुटीच्या दिवशी गाडी बाहेर काढावी, क्रोमच्या पट्ट्या पुसाव्यात, आठ सिलिंडरच्या इंजिनाचा घरघराट ऐकत गावातून फेरी मारावी आणि 'त्या काळी साध्या कामगारालाही अशी गाडी परवडत असे,' असा उसासा टाकावा. हा छंद निरुपद्रवी आहे. त्या उशाशामागचा इतिहास मात्र अर्धाच सांगितला जातो.

कामगाराला गाडी परवडली हे खरे, पण ती मालकांच्या औदार्याने नव्हे. ३० डिसेंबर १९३६ रोजी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या दिला. अश्रुधूर, गोळीबार आणि न्यायालयाचे मनाईहुकूम यांना तोंड देत ते ४४ दिवस हटले नाहीत. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीला त्यांच्या युनियनला मान्यता द्यावी लागली. महागाईशी निगडित वेतन आणि निवृत्तिवेतन देणारा १९५० चा पाच वर्षांचा करार याच पायावर उभा राहिला. कामगाराच्या दारात बेल एअर आली ती या वाटेने.

शिवाय ते 'सोनेरी दिवस' सर्वांचे नव्हते. त्याच रस्त्यांवरून सहकुटुंब निघालेल्या कृष्णवर्णीय गृहस्थाला कोणत्या गावी जेवण आणि निवारा मिळेल, हे सांगणारी 'ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका जवळ बाळगावी लागे. सुरक्षापट्टासुद्धा १९६८ पर्यंत देशव्यापी कायद्याने सक्तीचा नव्हता. कंपन्यांचा भर दरवर्षी गाडीचा मुखवटा बदलून कालची गाडी जुनाट ठरविण्यावर होता.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. सत्तर वर्षांची गाडी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून चालविणारा माणूस 'फेका आणि नवे घ्या' या बाजारनीतीला नकारच देत असतो. त्याची टिंगल करण्यात समाजवाद नाही. त्याने यंत्राबरोबर ते घडविणाऱ्यांचीही आठवण जपावी, एवढीच अपेक्षा आहे.

कारण फ्लिंटचे पुढे काय झाले? कारखाने एकामागून एक बंद पडले, शहर कंगाल झाले. एप्रिल २०१४ मध्ये काटकसरीसाठी नागरिकांना फ्लिंट नदीचे पाणी देण्यात आले. त्या पाण्याने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने ते घेणे थांबविले. नागरिकांच्या नळाला मात्र आणखी वर्षभर तेच पाणी येत राहिले आणि जुन्या नळांतले शिसे मुलांच्या पोटात गेले. लोखंडाची काळजी आधी, लेकरांची नंतर!

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. याच कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती. तिच्या तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि हजाराहून अधिक कामगार रस्त्यावर आले. सुबत्ता गाडीबरोबर फुकट मिळत नाही. ती संघटनेने मिळविली जाते, आणि संघटना ढिली पडली की हातची जाते. जुन्या गाडीचे कौतुक करणाऱ्यांना कार्यकर्त्यांनी हे न कंटाळता सांगत राहिले पाहिजे.