छत्रीपाशी माळी हवा

स्मारक उभारणे हे उत्साहाचे काम आहे. ते राखणे हे सवयीचे काम आहे. पहिल्यासाठी वर्गणी जमते, कोनशिला बसते, पाहुण्यांची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रही छापून येते. दुसऱ्यासाठी रोज सकाळी कोणी तरी झारी आणि खुरपे घेऊन यावे लागते, आणि त्याचे छायाचित्र कोणी घेत नाही. दगडाची गोष्ट निराळी. त्याच्याकडे पन्नास वर्षे कोणी पाहिले नाही तरी तो कसाबसा उभा राहतो. बाग मात्र एका उन्हाळ्यात मरते. म्हणून एखाद्या नगराला आपल्या गतकाळाची खरोखर किती चाड आहे हे पाहावयाचे असेल, तर तेथील पुतळे मोजू नयेत. पुतळ्याभोवतालच्या आळ्यांत पाणी आहे की नाही ते पाहावे.

हा विचार बुऱ्हाणपुराच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. तापीकाठचे हे नगर मृत्यूंचे नगर म्हणावे इतके थोरामोठ्यांचे अंत त्याने पाहिले. खानजहान लोदीच्या बंडामुळे शाहजहान दक्षिणेत उतरला असता 17 जून 1631 रोजी मुमताजमहल येथेच बाळंतपणात वारली. तिला तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत, आज आहुखाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, दफन केले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे शव आग्र्यास नेण्यात आले. पुढे काय उभे राहिले ते सारे जग जाणते. 1748 मध्ये पहिला निजाम, निजामुल्मुल्क, बुऱ्हाणपुरासच मरण पावला. त्याची कबर खुलदाबादेस आहे. मृत्यू येथे आणि कीर्ती अन्यत्र, असा या नगराचा जणू प्राक्तनयोगच.

त्यातल्या त्यात एक माणूस येथेच राहिला. तो म्हणजे मिर्झाराजे जयसिंग. 1665 च्या जून महिन्यात पुरंदरचा तह ज्याने शिवाजी महाराजांकडून करून घेतला आणि ज्याच्या शब्दावर विसंबून महाराज आग्र्यास गेले, तो हा मुत्सद्दी. महाराज आग्र्याहून निसटले, त्यानंतर मिर्झाराजांवरील बादशहाची मर्जी उतरली, दक्षिणेचा कारभार त्यांच्या हातून गेला आणि परतीच्या वाटेवर 1667 मध्ये बुऱ्हाणपुरास त्यांनी देह ठेवला. तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ ‘राजाची छत्री’ आजही उभी आहे.

मराठी घरांत बुऱ्हाणपूर म्हटले की प्रथम आठवते ती 1681 ची संभाजी महाराजांच्या फौजेची स्वारी, किंवा 1760 चा उदगीरचा विजय, ज्यानंतर निजामाने अशीरगडासह हे नगर पेशव्यांच्या हवाली केले. पुढे ते शिंद्यांकडे आले आणि 1860 च्या सुमारास इंग्रजी अमलात जाईपर्यंत, मधली धामधूम वगळता, शिंद्यांकडेच राहिले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे या नगराच्या बागांना पाणी द्यावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मराठी माणसांच्या हाती होता. शिंदे-होळकरांच्या मागोमाग माळव्यात आणि निमाडात येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी ही गोष्ट विसरू नये. सत्तेचा वारसा सांगावयाचा आणि निगराणीचा वारसा मात्र सरकारी खात्याच्या अंगावर टाकावयाचा, हे काही घरंदाजपणाचे लक्षण नव्हे.

जुन्या काळी बागा राखल्या कशा जात, याचा विचार केला तर दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. एक पाणी आणि दुसरी नेमणूक. बुऱ्हाणपुरात पाण्याची जी व्यवस्था झाली तिला तोड नाही. जहांगिराच्या काळात, 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने नगराकडे आणले गेले. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवली. ती शंभराहून अधिक आहेत. हाच कुंडी भंडारा, ज्याला लोक खुनी भंडारा असेही म्हणतात. मोटेची गरज नाही, बैलांची नाही. केवळ उताराच्या जोरावर पाणी चालते. 2024 मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भारताच्या वतीने त्याचे नाव घालण्यात आले, ही आनंदाची गोष्ट होय. पण आधी पाणी आणि मग बाग, हा त्या काळचा शहाणपणाचा क्रम आपण उलटा केला आहे. आपण आधी रोपे लावतो, फलक लावतो आणि वैशाखात टँकर शोधत फिरतो.

दुसरी गोष्ट नेमणुकीची. ताजमहाल बांधून झाल्यावर शाहजहानने त्याच्या खर्चासाठी तीस गावांचा वसूल आणि लगतच्या बाजारपेठा व सराया यांचे उत्पन्न कायमचे लावून दिले. आपल्याकडे अहिल्याबाईंनी घाट, धर्मशाळा आणि देवालये बांधली ती खासगीच्या उत्पन्नातून. बांधणाऱ्याला हे पक्के ठाऊक होते की, ज्या इमारतीमागे उत्पन्न नाही ती इमारत म्हणजे पुढच्या पिढीच्या गळ्यात घातलेली धोंड आहे. आज आपण स्मारकाच्या बांधकामाला मंजुरी देतो, पण माळ्याच्या पगाराची तरतूद पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकावर सोडतो. पुढील वर्षी निवडणूक येते आणि बाग तशीच राहते.

याला कोणी म्हणेल की, हा काळ राजेरजवाड्यांचा नव्हे. गावे लावून देणार कोण? आक्षेप योग्य आहे, पण त्याला उत्तर आहे, आणि ते लोकशाहीच्या चौकटीतलेच आहे. पुण्याजवळ खडकीस युद्धात पडलेल्या सैनिकांची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक थडगी तेथे आहेत. कोणाच्या थडग्यावर पदवीनुसार मोठा दगड नाही आणि कडेच्या वाफ्यांतून फुलझाडांची निगा राखलेली असते. ही व्यवस्था 1917 मध्ये स्थापन झालेल्या युद्धस्मशान आयोगाची आहे. तिच्यात सहा देशांची सरकारे सभासद असून भारत त्यांपैकी एक आहे, आणि ज्या देशाच्या जितक्या मृतांची काळजी आयोग घेतो त्या प्रमाणात त्या देशाने खर्चाचा वाटा उचलावयाचा, असा नियम आहे. राजा नाही, जहागीर नाही. फक्त वाटा ठरलेला आहे आणि तो दर वर्षी भरला जातो.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. खुद्द बुऱ्हाणपुरात दाऊदी बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी आहे. तेथील स्वच्छता, तेथील हिरवळ आणि यात्रेकरूंची सोय पाहून परगावचा माणूस थक्क होतो. तीच माती आणि तोच निमाडचा उन्हाळा. मग आहुखान्यातील पडझड आणि तेथील पाटांचा कोरडेपणा वर्षानुवर्षे लोकांच्या डोळ्यांना का खुपत आला? कारण दर्गाहीला आपली म्हणणारी माणसे आहेत. शिवपुरीस शिंद्यांच्या छत्र्यांभोवती बाग आहे, कारण तिच्यामागे घराणे आणि न्यास उभा आहे. आहुखान्याला आणि राजाच्या छत्रीला आपले म्हणणारे कोणी उरले नाही. मुमताजमहल आग्र्याची झाली आणि मिर्झाराजे जयपूरचे. निमाडात त्यांचे सोयरे कोण?

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. स्मृती ज्याची त्याने राखावी, असे आपण म्हणू लागलो तर बुऱ्हाणपुरासारख्या नगरात काहीच शिल्लक राहणार नाही. ज्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरला गेला, त्या नगराला ही विभागणी शोभत नाही. मिर्झाराजे आपले प्रतिस्पर्धी होते, हे खरे. पण ज्या शत्रूशी तह करण्यात महाराजांना कमीपणा वाटला नाही, त्याच्या छत्रीपाशी दोन घागरी पाणी ओतण्यात आपणास कमीपणा वाटावा, हे कसे? आपल्या गावात ज्याची माती झाली त्याची निगा गावाने करावयाची, हा साधा गृहस्थधर्म आहे.

तेव्हा करावयाचे काय? कायद्याची उणीव नाही. केंद्राचा 1958 चा आणि मध्यप्रदेशाचा 1964 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे; केंद्रीय पुरातत्त्व खात्याची स्वतंत्र उद्यान शाखाही आहे. तथापि खाते भिंत सांभाळते, नगरनिगम रस्ता सांभाळतो आणि दोहोंच्या मधली बाग कोणाचीच राहत नाही. आमची सूचना अशी की, अशा प्रत्येक जागेसाठी खाते, नगरनिगम अथवा ग्रामपंचायत आणि नागरिक यांची एक छोटी समिती असावी, तिच्या हाती एका माळ्याच्या बारमाही वेतनापुरता निधी ठेव म्हणून असावा आणि जमाखर्च फाटकावरच लावलेला असावा. पुण्यतिथीच्या कार्यक्रमावरील खर्चाइतकी रक्कम प्रथम पाण्यावर खर्च व्हावी. हिरवळीचा हव्यास सोडावा. लॉर्ड कर्झनच्या काळात ताजच्या बागेला विलायती हिरवळीचे रूप मिळाले. पण मूळ मोगली बाग ही फळबाग होती आणि तिची फळे तिच्याच खर्चास हातभार लावीत. निमाडात आंबा, डाळिंब, जांभूळ ही झाडे लावली तर सावली मिळेल, पाणी कमी लागेल आणि फळांच्या लिलावातून चार पैसेही येतील. मात्र झाडे इमारतीच्या पायापासून पुरेशी दूर असावीत, आणि भिंतीच्या फटीत उगवणारे पिंपळाचे रोप पहिल्याच पावसाळ्यात काढले जावे. पुढे त्याला कुऱ्हाडही पुरत नाही.

आणि आपल्या जुन्या घराण्यांनी काय करावे? आपल्या घरी सनदा आहेत, पगड्या आहेत, पूर्वजांची तैलचित्रे आहेत. त्यांची धूळ आपण दसऱ्याला झटकतो. आपली मुले सुटीत बुऱ्हाणपुरावरून खानदेशात आजोळी जातात. त्यांना एकदा शनवारा दरवाजातून आत न्यावे, पूल ओलांडून आहुखान्यात न्यावे, संगमाजवळ छत्रीखाली उभे करून पुरंदरचा तह सांगावा. मग घरातील एखाद्या मृत वडीलधाऱ्याच्या नावे अन्नदानाची जी रक्कम आपण दर वर्षी काढतो, तिचा एक वाटा एखाद्या झाडाच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी द्यावा. पहिले तीन उन्हाळे निघाले की आंब्याचे झाड सहसा आपल्या पायांवर उभे राहते. इतकी अल्प मुदतीची आणि इतक्या दीर्घ फळाची गुंतवणूक दुसरी नाही.

उद्याने राखली नाहीत तर इतिहास बदलणार नाही. मुमताजमहल वारली ते वर्ष 1631 च राहील आणि पुरंदरचा तह 1665 मध्येच झालेला असेल. बदलेल ते इतकेच की, ही वर्षे पुस्तकात राहतील आणि गावात राहणार नाहीत. उन्हाळा तोंडावर येण्यापूर्वी पाण्याची सोय व्हावी आणि माळ्याची नेमणूक व्हावी. बाकीची भाषणे नंतर झाली तरी चालतील.