फलकावर न दिसणारा छेद

दहावीचा निकाल लागला की मिरजोळ्यासारख्या गावांत घरोघर एकच चर्चा सुरू होते. अकरावीला रत्नागिरीतच राहायचे, की आंबा घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर पुण्या-मुंबईला जायचे? विद्यार्थी मित्रहो, शेजारचा गेला म्हणून आपण जावे, अशा रीतीने हा प्रश्न सोडवू नये. विज्ञान शाखेकडे वळणाऱ्याने तो विज्ञानाच्या पद्धतीनेच सोडवावा.

गाव सोडण्यात गैर काही नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातील मुरूडचे. १८७५ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, एका परीक्षेसाठी ते घाट चढून पायी साताऱ्याला गेले. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे ते इंग्रजी शिकण्यासाठी रत्नागिरीला व नंतर मुंबईला गेले आणि १८८१ मध्ये मॅट्रिक झाले. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण मुरूडला मिळत नव्हते, म्हणून त्यांनी घर सोडले.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की आपल्याला हवे ते येथे खरोखरच नाही काय? गोगटे-जोगळेकर महाविद्यालय रत्नागिरीत १९४५ पासून आहे. शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. अभियांत्रिकी महाविद्यालय तर मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. त्यांतील प्रवेशासाठी ज्या नीट व सीईटी परीक्षा द्याव्या लागतात, त्या अकरावी-बारावीच्याच अभ्यासक्रमावर आधारलेल्या असतात. आणि तो अभ्यासक्रम घाटाच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे.

दुसरा प्रश्न जाहिरातींचा. फलकावर वीस हसरे चेहरे असतात. पण अपूर्णांकाला अंश असतो तसा छेदही असतो, आणि फलकावर छापलेला असतो तो केवळ अंश. समजा, एका संस्थेत १००० मुले बसली व २० जणांना हवा तो प्रवेश मिळाला, तर प्रमाण २ टक्के झाले. दुसरीकडे ५० पैकी ५ जणांना मिळाला, तर ते १० टक्के झाले. फलक मात्र पहिलीचाच मोठा! शिवाय पहिलीने प्रवेश देतानाच हुशार मुले निवडून घेतली असतील, तर त्या यशात शिकवण्याचा वाटा किती, हेही तपासावे लागेल.

हीच कसोटी आपल्या घरच्या आकड्यांनाही लावली पाहिजे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ बारावीच्या निकालात सातत्याने राज्यात पहिले येते. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण उत्तीर्णांचे प्रमाण अधिक असले म्हणजे प्रवेश परीक्षेची तयारीही उत्तम झाली, असे सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष पाहण्याची. जेथे जायचे तेथे आधी एकदा जाऊन यावे. आठवड्यातून किती तास प्रयोगशाळेत काम करायला मिळते, वसतिगृहात झोप पुरेशी होते का, आजारी पडल्यास कोण पाहते, न जमल्यास शुल्क परत मिळते का, हे विचारावे. शिकवणी वर्गांतील मुलांवरचा ताण एवढा वाढला, की जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि निकालाची हमी देऊ नये, असे त्यांत सांगितले आहे.

हवा तो विषय येथे नसेल, शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतील किंवा घरी अभ्यासाला शांतता नसेल, तर जाण्याला सबळ कारण आहे; अवश्य जावे. पण कारण विचारल्यावर ‘सगळे जातात म्हणून’ एवढेच उत्तर येत असेल, तर थांबावे. शिक्षकांनीही निकालानंतर नव्हे, तर दहावीच्या वर्षातच वर्गात हा हिशेब मांडून दाखवावा.

आणि पालकांना एक विनंती. ज्याला दोन वर्षे घराबाहेर काढायची आहेत, त्या मुलाला अगर मुलीला, त्यांचे मत काय, हे आधी विचारा.