कात्री फक्त प्रौढांसाठी

आपल्याकडे माणूस प्रौढ केव्हा होतो? तो कुठं उभा आहे, यावर ते ठरतं. मतदान केंद्रावर उभा असेल तर अठराव्या वर्षी. थिएटरच्या दारात असेल तर डोअरकीपरच्या मर्जीनं. आणि सेन्सॉर बोर्डापुढं असेल तर बहुधा कधीच नाही!

मुळात ही शिक्क्यांची बाराखडीच अवघड. १९५२च्या कायद्यात 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे प्रौढांसाठी, असा सरळ कारभार होता. १९८३ साली मधला 'यूए' आला. २०२३च्या दुरुस्तीनं त्याचेही ७, १३ आणि १६ वर्षांचे तीन तुकडे पडले. गंमत अशी की, त्याच प्रमाणपत्रावर देवनागरी 'अ' असला, तर तो 'अनिर्बंधित'मधला, म्हणजे सर्वांसाठी; प्रौढांसाठी 'व', वयस्कांचा. थोडक्यात, मुळाक्षरातलं पहिलं अक्षर बघून इंग्रजी शाळेतल्या पोरानं घरी जायचं आणि मराठी शाळेतल्यानं आत शिरायचं. मराठी माध्यमाचा एवढा मोठा फायदा आजवर कुणी सांगितला नव्हता!

बरं, शिक्का मारला, पाळायचा कुणी? जुन्या थिएटरात वयाचा दाखला म्हणजे मिशी. आजच्या मल्टिप्लेक्समध्ये ओळखपत्र मागतात, पण तेही शनिवारची गर्दी नसेल तर. व्हिडिओ लायब्ररीच्या जमान्यात दुकानदाराला गिऱ्हाइकाचं वय नको असे, डिपॉझिट हवं असे. आणि आता मोबाइल! तिथं मंडळाचा दाखला लागतच नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे कंपनी आपल्या मालाला आपणच वयाची चिठ्ठी लावते आणि पालकांनी कुलूप घालावं म्हणते. ते कुलूप घालून द्यायला घरातल्या नातवालाच हाक मारावी लागते, हा भाग वेगळा.

म्हणजे एकच चित्रपट, पण दुकान बदललं की त्याचं वय बदलतं. भाजीवाल्यानं असं केलं तर आपण वजनमापाच्या माणसाला बोलावू.

पण माझं खरं भांडण शिक्क्याशी नाही, कात्रीशी आहे. शिक्का म्हणजे सूचना: 'बाबा रे, आत तिखट आहे.' ही सूचना जरूर द्या. पण तिखट आहे असं लिहायचं, लहान मुलांना बाहेर ठेवायचं, आणि मग आत बसलेल्या मोठ्यांच्या ताटातली मिरचीही काढून घ्यायची, ही कुठली रीत? २०१६ साली 'उडता पंजाब'चं असंच झालं. चित्रपट प्रौढांसाठीच, तरी मंडळाच्या बदलांची यादी लांबलचक. शेवटी मुंबई उच्च न्यायालयानं एक काट ठेवून तो सोडवला. त्याच्या आदल्या वर्षी जेम्स बाँडच्या 'स्पेक्टर'मधली चुंबनं निम्म्यावर आणली होती. निम्मं चुंबन सभ्य आणि पुरं असभ्य, हे माप कुठल्या फूटपट्टीनं काढलं असेल? १९७५ साली 'शोले'च्या ठाकूरला गब्बरचा जीव घेता घेता थांबवून ऐन वेळी पोलीस आणवले. तोवर पडद्यावर पडलेली प्रेतं मात्र कुणाला खुपली नाहीत.

'अहो, पण मुलांवर संस्कार...' असं कुणीतरी म्हणेलच. मान्य! म्हणूनच तर शिक्का एकच असावा, थिएटरात, टीव्हीवर आणि मोबाइलवर सारखाच; आणि आत काय आहे, मारामारी की शिव्या की आणखी काही, हे आईबापांना स्पष्ट कळावं. पुढचं त्यांच्यावर सोडा. मुलांच्या नावानं मोठ्यांचं बोट धरू नका.

१९८३ सालीच मंडळानं आपल्या नावातला 'सेन्सॉर' काढून 'प्रमाणन' घातलं. पाटी बदलली, कात्री त्याच खिळ्याला टांगलेली राहिली. तेवढी आता उतरवा. ज्याच्या मतावर सरकार येतं आणि जातं, त्याला एक अख्खा सिनेमा पाहू द्यायला काय हरकत आहे?