वायफायलाही हवा उंबरठा

आपल्या शाळा, वाचनालये, दवाखाने आणि ट्रस्टची कार्यालये आता इंटरनेटशिवाय चालत नाहीत. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, देणगीदारांची नावे, रुग्णांचे अहवाल एक-दोन संगणकांत साठवलेले असतात. त्याच वायफायवर मुले अन् पाहुणेही असतात. दाराला आपण कुलूप लावतो, ही वाट मात्र उघडीच ठेवतो.

उपाय फार खर्चिक नाही. आपण संकेतस्थळाचे नाव टाकले की संगणक आधी डीएनएस नावाच्या सेवेला त्याचा पत्ता विचारतो. तिथेच गाळणी बसवता येते. क्वाड नाइन (९.९.९.९) ही मोफत सेवा फसव्या व घातक स्थळांचा पत्ताच देत नाही. क्लाउडफ्लेअरने २०२० मध्ये सुरू केलेली १.१.१.३ ही सेवा अश्लील स्थळेही अडवते. हा क्रमांक राउटरमध्ये भरला की त्या वायफायवरची बहुतेक उपकरणे गाळणीखाली येतात.

पण काय अडवायचे, हे यंत्राने नव्हे, संस्थेने ठरवायचे असते. आम्हाला तीन पायऱ्या योग्य वाटतात. घातक आणि फसवी स्थळे सर्वांना बंद. अश्लील आणि जुगाराची स्थळे विद्यार्थ्यांच्या संगणकांवर बंद. फी आणि बँकेचे व्यवहार होतात त्या संगणकावर मात्र बँक, महाडीबीटी अशी ठरलेली स्थळेच सुरू, बाकी सारे बंद. पाहुण्यांचे वायफाय वेगळे ठेवावे.

सरसकट बंदी मात्र टाळावी. केवळ शब्द पाहून अडवणारी गाळणी स्तनाच्या कर्करोगाची माहितीही अश्लील ठरवू शकते. कामाची स्थळे अडू लागली की माणसे मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात आणि गाळणी निरुपयोगी होते. म्हणून चुकून अडलेले स्थळ त्याच दिवशी उघडून देणारी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, तशी नोंद वहीत ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी नियम तपासावेत.

गाळणीच्या मर्यादाही ओळखाव्यात. ती स्थळाचे नाव पाहते, आतले पान नाही. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल किंवा पेन ड्राइव्ह तिच्या हाती लागत नाही. ब्राउझरमधील ‘सिक्युअर डीएनएस’ दुसऱ्याच सेवेवर लावलेले असेल, तर तिला बगल मिळते. त्यामुळे महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत वेगळी ठेवावीच.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक. काही गाळण्या कोणी काय पाहिले याची नोंद ठेवतात. एखाद्या शिक्षिकेने आपल्या आजाराविषयी वाचले, तर ती कार्यालयातल्या कुजबुजीचा विषय होता कामा नये. नोंद कशाची होते, ती कोण पाहणार, किती दिवस राहणार, हे लेखी लिहून सर्वांना आधीच सांगावे. राखण करणे वेगळे आणि पाळत ठेवणे वेगळे. हा फरक पाळला, तर लोक नियम मनापासून पाळतील.