गोष्ट कुणी सांगायची, आणि कुठल्या भाषेत?



महागाई, घरे, थकलेली देणी एवढे विषय डोक्यावर असताना आम्ही आजीच्या गोष्टींवर लिहायला बसलो, म्हणून हसू नका. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे मेली. त्यात गिरणीतली किती होती, हे गिरणगावाला सांगायला नको. ती कशासाठी मेली? मराठी माणसाचा कारभार मराठीत चालावा, त्याचे पोर त्याच्या मायबोलीत शिकावे, यासाठी. पण मायबोली पोराच्या तोंडात घालते कोण? सरकार नाही घालत. शाळाही मागाहून येते. आधी येते ती मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारी म्हातारी. तिच्याविषयी आम्ही लिहितो आहोत.

हल्ली जो तो रडतो की घराघरांत गोष्टी सांगायची चाल मोडली, मोबाईलने ती खाल्ली. आम्हांला हे अर्धेच पटते. आधी आपलेच बघा. गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणगावात एकेका खोलीत वीस-वीस गडी पाळ्या बदलून झोपायचे, जेवण खानावळवालीकडे, आणि बायकापोरे रत्नागिरीकडे नाहीतर साताऱ्याकडे गावी. बाप शिमग्याला किंवा गणपतीला तोंड दाखवून परत. हा संसार काही सुखाचा नव्हता. पण त्या परवडीत एक गोष्ट आपोआप साधली. बाप मुंबईला गेला तरी पोर आजीपाशी राहिले. कंदिलाची वात खाली गेली की चिमणी-कावळा, भोपळ्यातली म्हातारी, आटपाट नगरातला राजा, वेशीवरचा मुंजा, सगळे त्याच्या कानावरून जायचे. पुढे ते पोर मोठे होऊन साच्यावर उभे राहिले तेव्हा भजनी मंडळात, जाखडीत, शाहिराच्या फडात त्याची जीभ जी मोकळी चालली, ती कुठून आली होती असे वाटते तुम्हांला?

आता आमच्याबरोबर चांद्याच्या जंगलात चला. चंद्रपूर जिल्हा, आणि 1982 साली त्यातून वेगळा निघालेला गडचिरोली. धानोरा, एटापल्ली, भामरागड, अहेरी या बाजूला गोंड आणि माडिया लोकांची वस्ती. तिथे हिशेब बरोब्बर उलटा झालेला आहे. आईबाप गावात, आजी-आजोबा गावात, आणि पोर बाहेर! गाव दहा-वीस घरांचे, पावसाळ्यात नाल्यांना पूर, वरच्या वर्गांची शाळा जवळ नाही. म्हणून सहा-सात वर्षांचे लेकरू उचलून निवासी आश्रमशाळेत घातले जाते. ते घरी येते दिवाळीला आणि उन्हाळ्यात. आश्रमशाळा वाईट हेतूने काढल्या, असे आम्ही म्हणत नाही. तिथे दोन वेळचे जेवण मिळाले, अक्षर मिळाले, म्हणून कितीतरी पोरे पुढे गेली. पण गोष्ट ही रात्रीची वस्तू आहे. दिवसा भात, मोहफूल, तेंदूपान, गुरे यांतून सांगायला सवड कुणाला? आणि पोराच्या वर्षातल्या दहा महिन्यांच्या रात्री वसतिगृहात जातात.

अशाच एका दिवाळीत आम्ही तिकडच्या एका घरी अंगणात शेकोटीपाशी बसलो होतो. म्हाताऱ्याने गोंडीत गोष्ट सुरू केली. सुट्टीला आलेला नातू शेजारी बसलेला, चौथीतला. म्हातारा मध्येच थांबून त्याला काही विचारी, आणि पोरगे आमच्याकडे बघून मराठीत म्हणे, ‘ते काय असते?’ एकदा, दोनदा, तीनदा. म्हाताऱ्याने मग गोष्ट आटोपती घेतली. आम्ही विचारले, का थांबलात? तो म्हणाला, ‘याला शब्दच कळत नाहीत, तर पुढं काय सांगू?’ त्या घरात तेव्हा मोबाईल नव्हता. टीव्हीही नव्हता. मग गोष्ट कुणी खाल्ली?

कुणी म्हणेल, गेली एखादी गोष्ट तर बिघडले काय? करमणुकीला दुसरे पुष्कळ आहे. बंधूंनो, गोंडांची गोष्ट ही नुसती करमणूक नाही, तो त्यांचा कायदा आहे. पारी कुपार लिंगोची कथा घ्या. पुष्कळ ठिकाणी ती अशी सांगतात: गोंडांची पहिली लेकरे एका गुहेत कोंडली गेली, तोंडावर प्रचंड शिळा. जंगो रायताड या मायेने त्यांच्यासाठी जीव टाकला, हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने वाद्य वाजवून त्या पोरांच्या अंगात बळ आणले, पोरांनी शिळा लोटली, आणि त्या शिळेखाली तो वादक चिरडला गेला. मग लिंगोने सुटलेल्यांना कुळे वाटून दिली. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. एका देवसंख्येची माणसे एकमेकांची भावंडे; त्यांच्यात लग्न होत नाही. प्रत्येक कुळाला एक जनावर, एक झाड सांभाळायचे. कुणी कासव मारायचे नाही, कुणी घोरपड. म्हणजे सोयरीक कुठे करायची, जंगलात कशाला हात लावायचा नाही, हे सगळे त्या एका गोष्टीत बांधलेले. गोष्ट विसरलेल्या पोराला आपण सहा देवे की सात देवे हे तर कळते, पण का, ते सांगता येत नाही. ही गुहा म्हणून गोंदिया जिल्ह्यातले कचारगड दाखवतात. माघ पौर्णिमेला तिथे चारी दिशांच्या राज्यांतून गोंड लोटतात.

आणि ही कथा कागदावर कुणी उतरवली माहीत आहे? नागपूरचा पाद्री स्टीफन हिस्लॉप. 1863 साली तो नदीत बुडून मेला, आणि त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने 1866 साली छापली. त्यात लिंगोचे गाणे आहे. ते त्याला मिळाले परधानाकडून. परधान म्हणजे गोंडांचे पिढीजात भाट. यजमानाच्या दारी जाऊन किंगरीवर कुळांच्या कथा गायच्या, हा त्यांचा धंदा. आज यजमानाला दक्षिणा परवडत नाही, परधानाच्या पोराला किंगरीवर पोट भरत नाही. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरची बोली आता मराठीच झाली आहे. त्याला आम्ही दोष देणार नाही. ज्याची गिरणी उठली त्याने दुसऱ्याला धंदा सोडलास म्हणून कसे बोलावे?

आणखी एक गोष्ट सांगतो, ती तर चंद्रपूरच्या माणसाला पायाखाली लागते. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाच्या अंगावर गाठी होत्या, झोप नव्हती. शिकारीत तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी त्याने घेतले, आणि रात्री शांत झोपला. सकाळी अंग साफ. पुढे तिथेच त्याने पाहिले की एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला आहे! शेवटी कुत्र्याने ससा मारला, तर सशाच्या कपाळावर पांढरा चंद्र. राणी म्हणाली, जिथून ससा पळाला त्या वाटेने कोट बांधा. तोच चंद्रपूरचा परकोट. ती दगडी भिंत आजही उभी आहे, जटपुऱ्याच्या दरवाजातून रोज हजारो माणसे जातात. त्यांतल्या किती जणांना घरी कुणी ही गोष्ट सांगितली? मराठी घरांतही विचारा, मग मोबाईलला शिव्या द्या.

ताडोब्याचेही तसेच. 1955 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. वाघाशी झुंजताना मेलेला तारू नावाचा गावप्रमुख तिथला देव. तळ्याकाठी त्याचे ठाणे. जंगलातली काही गावे पुढे वाघासाठी उठवली. आता तारूची गोष्ट जिप्सीत बसलेल्या पाहुण्यांना ऐकायला मिळते. वाईट नाही. पण उठवलेल्या गावातल्या आजीला ती सांगताना बोट कुठे दाखवायचे? एटापल्लीकडे सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे, सत्तर गावांचा इलाका त्याला मानतो, जानेवारीत यात्रा भरते. त्याच डोंगरात लोखंडाची खाण चालू आहे. डोंगरच मालमोटारीत भरून नेला तर त्याची गोष्ट उरते कशी? माणसाच्या गोष्टीला चार भिंती चालतात. या गोष्टींना ती टेकडी, ते तळे, ते झाड लागते.

आणि रात्र लागते, हे आधी बोललोच. 1980 नंतर नक्षलवाद्यांचे दलम या मुलुखात शिरले, मागोमाग पोलीस. रात्री चार माणसे शेकोटीला जमली की एकाला वाटे खबर देतात, दुसऱ्याला वाटे जेवू घालतात. अशा वेळी माणूस दार लावून घेतो. गावची जवान पोरे-पोरी जमून जिथे नाच, गाणी, गोष्टी, रीतभात शिकायची ते गोटूल कितीतरी गावांत ओस पडले. शिकलेल्या लोकांनी गोटूलला नावेही ठेवली, ती वेगळीच.

तरीही सगळे संपले, असे आम्ही लिहिणार नाही, कारण ते खोटे ठरेल. पंडुमच्या सणाला, लग्नाच्या मांडवात, रेलाच्या नाचात कथा आजही निघते. धान रोवणीत बायका निम्मी गोष्ट गाण्यातच सांगून टाकतात. झाडीपट्टीत तर भात घरात आले की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, दंडार रंगते, रात्रभर माणूस हलत नाही. तिथल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. पण नाटकाला तिकीट असते. आजीला तिकीट नसते, तिला फक्त ऐकणारे लेकरू पाहिजे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याला येतो, आणि तो आपल्यालाच बोचणारा आहे. 1956 साली राज्ये भाषेवर पाडली गेली. चांदा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, आदिलाबाद आंध्रात गेला, बस्तर मध्य प्रदेशात राहिला. ते 2000 साली छत्तीसगडात गेले. मराठी, तेलुगू, हिंदी, प्रत्येकीला घर मिळाले. गोंडी मात्र तिघींच्या वाटणीत चिरली गेली. 2011 च्या जनगणनेत 29 लाखांवर लोकांनी आपली भाषा गोंडी सांगितली. आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. 2003 साली संथाळी आणि बोडो आत गेल्या, गोंडी बाहेरच. आणि गंमत बघा, ज्या 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने नवी राज्ये झाली, तिनेच कलम 350-अ घातले, की भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मायबोलीत देण्याची सोय राज्यांनी करावी. आपल्या हक्काचा कागद आणि त्या पोराच्या हक्काचा कागद एकाच गठ्ठ्यातला आहे! आपला भाग आपण लढून वसूल केला. त्यांचा भाग मंत्रालयात कुठल्या कपाटात आहे?

धानोरा तालुक्यातल्या मोहगावने तो स्वतःच वसूल करायचे ठरवले. ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तिला गोटूलचेच नाव दिले. सरकारला काय वाटले? 2022 साली नोटीस आली, तुमची शाळा बेकायदा आहे म्हणून. गावाला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाची पायरी चढावी लागली. मराठी शाळांसाठी गळा काढणारे आम्ही सगळे तेव्हा कुठे होतो? त्याच तालुक्यातल्या मेंढा गावाची हकीगतही ऐकण्यासारखी आहे. तिथे लोकांनी सागाचे खांब उभारून गोटूल बांधले, वनखात्याने लाकूड बेकायदा म्हणून ते मोडले. मेंढ्याचे लोक रडत बसले नाहीत. आसपासच्या गावांची सभा घेतली, आणि एकाच्या जागी पुष्कळ गावांत गोटूल उभी राहिली. संपाचे हे तंत्र तुम्हांला शिकवायला नको.

काहीजण विचारतील, मराठी शिकले नाही तर त्या पोरांचे व्हायचे कसे? तिथले आईबापही हेच विचारतात, आणि त्यांचे बरोबर आहे. तलाठी मराठीत बोलतो, दवाखाना मराठीत, बस मराठीत. मराठी शिकवाच, चांगली शिकवा. पण पहिली-दुसरीत आईच्या बोलीतून मराठीकडे नेले तर पोर दोन्ही घेऊन चालते. एकदम उचलून टाकले तर एक सुटते, दुसरी धड हाताला लागत नाही, आणि मास्तर म्हणतो ‘पोरगं मंद आहे’. इंग्रजी शाळेत घातलेल्या आपल्या चाळीतल्या पोरांना हेच ऐकावे लागते, तेव्हा आपल्याला केवढा राग येतो! मराठीला 2024 साली अभिजात दर्जा मिळाला. आम्हांलाही आनंद झाला, पेढे आम्हीही खाल्ले. थोरल्या घरात मान मिळाला की धाकट्याला ओसरीवर बसवायचे नसते.

म्हणून आमचे मागणे असे. गोंड-माडिया भागातल्या पहिली-दुसरीला गोंडी येणारा मास्तर द्या. त्या गावांतली शिकलेली पोरे बेकार बसली आहेत, त्यांनाच घ्या. आश्रमशाळेत आठवड्यातून दोन संध्याकाळी आसपासच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा, त्यांना रोजगार हमीइतकी तरी मजुरी द्या, दिवे बारीक करा आणि मास्तरांनी मागे बसावे. परधानांना किंगरीसकट बोलवा. मोहगावच्या शाळेला मान्यता द्या. पुस्तक छापायचे ते नंतर छापा; छापलेली गोष्ट कपाटात जाते, सांगितलेली पोराच्या तोंडात बसते.

आणि तुम्ही. बल्लारपूरच्या कागदाला बांबू याच जंगलाने दिला, गिरण्यांना आणि घरांना वीज देणारा कोळसा चंद्रपूरच्याच पोटातून निघाला. हिंगणघाटला, नागपूरला साच्यावर उभे राहिलेले कितीतरी गडी याच बाजूचे. तुमच्या युनियनच्या सभेत पुढचा मराठी शाळांचा ठराव येईल तेव्हा त्यात गोंडी शाळांची एक ओळ घाला, आणि ठरावाची नक्कल मोहगावच्या ग्रामसभेला टपालाने पाठवा. ती गोंडीत लिहून मिळाली तर फारच उत्तम.