टेबलावरचे डबे

आमच्या लेटरबॉक्सिंगवाल्या मंडळींचं स्नेहसंमेलन येत्या ऑक्टोबरात आहे आणि त्याच्या आयोजन समितीत मी आहे. होते, असं म्हणायची वेळ लवकरच येईल बहुतेक, कारण गेल्या बैठकीत मी जरा जास्तच बोलले. रागात बोललेलं कुणाला नीट कळत नाही, म्हणून आता शांतपणे लिहून काढते आहे. मत मात्र तेच आहे, ते शांत झालेलं नाही :)

नातेवाईकांसाठी आधी थोडक्यात. (मावशी, तू दर वेळी "म्हणजे पोस्टाचंच ना?" असं विचारतेस, म्हणून पुन्हा एकदा.) जंगलात, टेकडीवर, एखाद्या पडक्या दगडी भिंतीपाशी कुणीतरी घट्ट झाकणाचा एक छोटा डबा लपवून ठेवतं. त्यात एक रबरी शिक्का असतो, बहुतेक वेळा हाताने कोरलेला, आणि एक वही. डब्यापर्यंत कसं पोचायचं याच्या खुणा कोड्यासारख्या लिहिलेल्या असतात. त्या सोडवत चालत जायचं, डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का तिथल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा झाकून ठेवायचा. बस्स. बक्षीस नाही, खजिना नाही.

सुरुवात इंग्लंडमधली. डेव्हनमध्ये डार्टमूर नावाचं मोठं माळरान आहे. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमियर पूल या आडबाजूच्या, दलदलीतल्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोचणाऱ्याने आपलं कार्ड बाटलीत टाकायचं. पुढे लोक पत्ता लिहिलेली पत्रं ठेवू लागले आणि मागून येणारा ती नेऊन पोस्टात टाकू लागला. मावशी, पोस्टाचा संबंध तो एवढाच. अमेरिकेत हे वेड खरं पसरलं ते १९९८ साली 'स्मिथसोनियन' मासिकात त्यावर लेख आल्यानंतर. आम्ही राहतो त्या कनेक्टिकटमध्ये तर सरकारी वनखात्यानेच राज्याच्या अरण्यांत असे डबे ठेवले.

आता भांडण. समितीतल्या बहुतेकांना संमेलनात शंभर डबे हवेत. ते लपवायचे नाहीत. पार्कातल्या छपराखाली लांब टेबलं मांडायची, त्यावर शंभर डबे ओळीने ठेवायचे, लोकांनी रांगेत सरकत शिक्के मारायचे आणि संध्याकाळी वहीत शंभर ठसे घेऊन घरी जायचं. आमच्यात नावापुढे पी, एफ आणि एक्स असे आकडे लिहायची पद्धत आहे: किती डबे ठेवले, किती सापडले, किती जणांशी शिक्क्यांची देवाणघेवाण केली. त्यातला एफ एका दुपारीत शंभराने वाढणार.

माझा प्रश्न साधा होता. समोर ताटात वाढलेली गोष्ट "सापडली" असं आपण म्हणतो का? आळंदीहून निघालेली पालखी टीव्हीवर पाहायची आणि वारी केली म्हणून सांगायचं, त्यातलाच हा प्रकार. आकड्यांचं वेड इंग्रजांनाही आहेच. डार्टमूरवर शंभर डबे सापडलेल्यांचा 'हंड्रेड क्लब' आहे. पण ते शंभर चिखल तुडवत, धुक्यात चुकत मिळवलेले असतात.

बरं, शंभर डबे म्हणजे शंभर शिक्के. ते कोरणार कोण? तर कुणीतरी म्हणालं, क्राफ्टच्या दुकानात तयार मिळतात, आणू की. इथे मात्र माझा आवाज चढला. माझा पहिला शिक्का मी खोडरबरावर कोरला होता, 'श्री'. अक्षर उलटं कोरायचं असतं हे विसरले आणि कागदावर भलतंच काहीतरी उमटलं. दुसरा केला, त्यात वेलांटी तुटली. तिसरा बरा आला, तो मी आजही वापरते. दुकानातली तयार गुलाबाची फुलं शंभर वेळा उमटवून मी काय करू?

गेल्या एका संमेलनात मी टेबलांचा हा प्रकार पाहिला आहे. चार तास सगळ्यांच्या माना खाली. शाईचे पॅड इकडून तिकडे, बोटं निळी. त्या चार तासांत मी अकराएक माणसांशी बोलले असेन, त्यातल्या नऊ जणांशी "तुमचं झालं का? मग सरका पुढे" एवढंच. अहो, हा छंद मुळात एकट्याने करायचा. वर्षानुवर्षं आपण दुसऱ्यांचे ठसे पाहतो, टोपणनावं वाचतो, माणूस कधी दिसत नाही. तो दिसावा म्हणून तर संमेलन!

एवढं बोलून झाल्यावर आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सभासद बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझे गुडघे शाबूत आहेत, म्हणून तुला हे सुचतं."

मी गप्प बसले. कारण मला कोरायला याच बाईंनी शिकवलं. नवीन होते तेव्हा माझ्या प्रत्येक फसलेल्या शोधाच्या वेळी फोनवर त्याच असायच्या. दोन्ही गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या वॉकर घेऊन चालतात आणि टेबलं त्यांच्यासाठीच हवीत असं बाकीच्यांचं म्हणणं.

दोन दिवस हे डोक्यात घोळलं. त्यांचं बरोबर आहे. पण मला आठवतं ते गेल्या वर्षीचं. आम्ही दोघी एका तळ्याकाठी सपाट वाटेने हळूहळू गेलो होतो. खुणेत "जिथे म्हातारा ऊन खातो" असं काहीतरी होतं. मी झाडं धुंडाळत बसले. बाईंनी बाकावर टेकून खाली हात घातला, चाचपलं आणि डबा बाहेर काढला! त्यांचा तेव्हाचा चेहरा मी पाहिला आहे. टेबलावरचा शंभरावा डबा तो चेहरा देणार आहे का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला अंतर कमी करून द्यावं. शोधणंच काढून घेतलं तर त्याला आपण काय दिलं?

समितीतल्या दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही माझं जमत नाही, हेही सांगून टाकते. त्यांना शंभरच्या शंभर डबे जंगलात हवेत. ऐंशी माणसं, एक दिवस, शंभर डबे. प्रत्येक दगड उलटला जाणार, जुन्या भिंतींवरचं शेवाळ खरवडलं जाणार, आणि पुढच्या वर्षी पार्कवाले परवानगी कशाला देतील? डार्टमूरच्या लोकांनी भिंती आणि प्राचीन दगडी अवशेषांत डबे ठेवायचे नाहीत असा नियम उगाच नाही केला.

तर माझा प्रस्ताव असा. बारा डबे. बाराही हाताने कोरलेले, सहा मी कोरते. जागा बदलायची आणि फार्मिंग्टन कालव्याच्या वाटेवर यायचं. पूर्वी तिथे कालवा होता, मग रेल्वे आली, आता डांबरी, सपाट पायवाट आहे. वॉकर, व्हीलचेअर, बाबागाडी सगळं जातं. आठ डबे वाटेलगत, बसल्या जागी हात पोचेल असे, पण लपवलेले आणि खुणा चांगल्या अवघड. चार जरा लांब, ज्यांना पाय मोकळे करायचे त्यांच्यासाठी. टेबलं हवीतच, पण त्यावर जेवण ठेवा. साबुदाण्याची खिचडी मी आणीन, मागच्या वेळी अमेरिकन मंडळींनी दोनदा मागून घेतली होती.

शनिवारी मतदान आहे. मोजदाद केली तर मी हरते आहे, चार विरुद्ध दोन. सहा शिक्क्यांपैकी दोन कोरून झाले, एकात 'ळ' उलटा काढताना अर्धा तास गेला. काल बाईंना फोन केला. अजून रागातच होत्या, हवापाण्यापलीकडे बोलल्या नाहीत. फोन ठेवता ठेवता मात्र विचारलं, त्या कालव्याच्या वाटेवर दोन बाकांमध्ये अंतर किती आहे गं?